निघण्याआधी न्हावा शेवा बघून घे

तुझा मेल गेल्या रविवारी वाचला. लगेच दोन ओळी खरडून पाठवणं पटेना, म्हणून आठवडा घेतला. मी आता ब्रसेल्सला जहाज कंपन्यांची वकील असले, तरी शिकले मुंबईत आपल्या सरांकडेच; त्यांच्या चेंबरमधून आलेली मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीणच. ‘ताई’ म्हणालीस ते बरं केलंस, मीही अगं-तुगंच करते.

तू लिहितेस: गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून एलएलबी झालं, तीन वर्षं फोर्टमध्ये अ‍ॅडमिरल्टीची, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांची कामं केलीस, पण ओढा कॉम्पिटिशन लॉकडे, म्हणजे स्पर्धा कायद्याकडे आहे. जहाज कंपन्यांच्या युत्या, त्यांचे आपसातले करार, त्यावरचे आदेश असं सगळं रात्री जागून वाचतेस. पुढच्या सप्टेंबरात एलएलएमला निघायचं मनात आहे. इंग्लंड की युरोप, नंतर नोकरी लागेल का, चाळीस लाखांचं कर्ज काढावं का, हे तुझे तीन प्रश्न. चौथा तुझ्या आईंचा: ‘इथे मुंबईत काय वाईट आहे?’

आईंपासून सुरुवात करते. मुंबईत काहीही वाईट नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांग. नुसतं जहाजांच्या कायद्याचं काम करायचं असेल, तर आपल्या हायकोर्टाइतकी चांगली शाळा जगात थोड्याच ठिकाणी आहे. १९९२च्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ निकालाने भारतीय कोर्टांना परदेशी जहाजावर हात टाकण्याचा पूर्ण अधिकार मिळाला. त्यानंतर २०१७चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आला, तो १ एप्रिल २०१८ला लागू झाला आणि १८६१च्या इंग्रजी कायद्याचं जोखड गेलं. २०२५मध्ये तर संसदेने एका वर्षात पाच कायदे केले: बिल्स ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावत्या), समुद्रमार्गे मालवाहतूक, मर्चंट शिपिंग, किनारी जहाजवाहतूक आणि बंदरं. १८५६पासून चालत आलेला बिल्स ऑफ लेडिंगचा कायदा आपण आत्ता बदलला! पुढची दहा वर्षं या पाच कायद्यांचा अर्थ लावण्यात जाणार आणि त्यातलं बरंचसं काम तुझ्या डोळ्यांदेखत, त्याच कोर्टाच्या आवारात होणार.

अडचण आहे ती तुझ्या आवडीच्या जोडीची. जहाजांचा कायदा मुंबईत आणि स्पर्धा कायदा दिल्लीत, अशी आपल्याकडे वाटणी झाली आहे. स्पर्धा आयोग दिल्लीत, अपीलही दिल्लीत, आणि त्या कामाचे मोठे विभागही तिथेच. दोन्ही एकत्र येतात अशी प्रकरणं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. स्पर्धा आयोगाचा जानेवारी २०२२चा मोटारवाहू जहाजांचा आदेश तू वाचला असशीलच. एनवायके, के लाइन, एमओएल आणि निसानची मोटारवाहू कंपनी, या चार जपानी जहाज कंपन्यांनी एकमेकींची गिऱ्हाइकं न पळवण्याचं ठरवलं होतं. एनवायकेने आधी येऊन सगळं सांगितलं, म्हणून तिचा दंड पूर्ण माफ झाला. तेच प्रकरण युरोपात फेब्रुवारी २०१८मध्ये संपलं होतं, एकूण ३९.५ कोटी युरो दंडाने, आणि तिथे माफी मिळाली ती एमओएलला. ऑस्ट्रेलियात २०१७मध्ये एनवायकेवर फौजदारी खटला चालून अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. कार्टेलविरोधी, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताविरुद्धच्या कायद्याखालची ती त्या देशातली पहिली फौजदारी शिक्षा. ब्रिटनमध्ये तर मोटारी विकत घेणाऱ्यांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला. एकच गुपचूप समजूत, पण प्रत्येक देशात कोण आधी बोललं, कोणाला माफी मिळाली, कोणता कागद कुठे वापरता येतो, हे सगळं वेगळं. हे धागे एकत्र हातात धरणारा वकील लागतो. तसं काम रोज करायचं असेल तर ब्रसेल्स, लंडन, वॉशिंग्टन आणि थोडंफार सिंगापूर, एवढीच ठिकाणं आहेत. म्हणून परदेश. दुसरं कुठलं कारण मनात असेल, तर आईंचं ऐक.

आता काम काय असतं ते सांगते. परदेशी वकिली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी वेगळंच येतं.

न्हावा शेवाहून रॉटरडॅमला दर आठवड्याला एक जहाज सुटावं, अशी सेवा चालवायची आहे असं धर. जाऊन येऊन फेरी आठ आठवड्यांची, म्हणजे आठ जहाजं हवीत. एवढी जहाजं एका मार्गावर अडकवणं एकट्या कंपनीला परवडत नाही. मग तिघी-चौघी मिळून जहाजं घालतात आणि एकमेकींच्या जहाजांवर जागा वाटून घेतात. एकीच्या जहाजावर चौघींचे डबे, म्हणजे कंटेनर. हा झाला व्हीएसए, म्हणजे जहाजं वाटून वापरण्याचा करार. जागा वाटायला हरकत नाही, भाव वाटायला आहे. पण चार स्पर्धक महिन्याला एका टेबलाशी बसून वेळापत्रक ठरवत असतील, कोणती फेरी रद्द करायची ते ठरवत असतील, तर जागा कुठे संपते आणि भाव कुठे सुरू होतो? माझी सगळी नोकरी या एका रेषेवर उभी आहे.

ही रेष प्रत्येक देशाने वेगळ्या जागी ओढली आहे आणि ती सरकत राहते. युरोपने १९८६मध्ये जहाज कंपन्यांच्या ‘कॉन्फरन्स’ना, म्हणजे एका मार्गावरच्या कंपन्यांच्या संघांना, उघड भाव ठरवायलाही मोकळीक दिली होती. ती मोकळीक ऑक्टोबर २००८मध्ये संपली. राहिली ती फक्त जागावाटपाची सूट, तीही त्या मार्गावर गटाचा वाटा ३० टक्क्यांच्या आत असेल तर. कोविडच्या काळात भाडी आभाळाला भिडली आणि माल पाठवणाऱ्यांनी एवढा आरडाओरडा केला की २५ एप्रिल २०२४ला ती सूटही गेली. ब्रिटननेही आपली स्वतंत्र सूट ठेवली नाही. आता प्रत्येक गटाने आपला करार कायद्यात बसतो की नाही, हे स्वतः तपासायचं. आम्हा वकिलांचं काम त्याने वाढलं, हे खरं आहे. अमेरिकेत पद्धत निराळी. तिथे १९८४च्या शिपिंग कायद्याप्रमाणे करार फेडरल मेरिटाइम कमिशनकडे दाखल करायचा, ते ४५ दिवस बघणार, मग तो लागू होणार. चीनने २०१४मध्ये मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम यांची पी-थ्री युती सरळ नाकारली, अमेरिका आणि युरोपची हरकत नसताना. आपल्याकडे स्पर्धा कायद्याच्या कलम ५४खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. जुलै २०१८मध्ये व्हीएसएला तीन वर्षांसाठी ती दिली होती. सिंगापूरने २००६पासून सूट ठेवली आहे. एकच जहाज, तेच डबे, आणि बंदरागणिक कायदा बदलतो.

रोजच्या कामातलं एक उदाहरण सांगते. नावं-गावं सांगता येणार नाहीत. मी ब्रसेल्सला नवीन होते. अशाच एका गटाच्या बैठकीला एका ज्येष्ठ सहकारी वकीलबाईंबरोबर गेले होते. सुरुवातीला आम्ही नेहमीचं निवेदन वाचून दाखवतो: भाव, अधिभार, गिऱ्हाइकं, पुढचे बेत यांपैकी कशावरही बोलायचं नाही. सकाळभर धक्क्यावरची वेळ, इंधन, जहाजाचा वेग असं चाललं होतं. कॉफी आली, आणि एका कंपनीचे गृहस्थ कप हातात घेऊन म्हणाले, चायनीज न्यू इयरनंतर भाव जरा सुधारायला हवेत, कुणालाच परवडत नाहीये. दोघांनी माना हलवल्या. मी टिपणं घेत होते. मी ते वाक्य लिहून घेतलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघू लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बैठक इथे थांबतेय, माझी हरकत वेळेसह नोंदवा. अकरा बेचाळीस झाले होते. बाहेर आल्यावर त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, तू गप्प बसलीस म्हणजे तुझी कंपनी गप्प बसली. युरोपियन न्यायालयाचं म्हणणं हेच आहे: अशा बैठकीत गप्प बसून राहिलात तरी तुम्ही त्यात सामील, सुटायचं असेल तर सर्वांसमोर अंग काढून घ्यावं लागतं. त्या दिवसापासून बैठकीत मी पेन हातात नंतर घेते, आधी ऐकते.

मार्च २०१७मध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोत जगातल्या मोठ्या कंटेनर कंपन्यांचे प्रमुख बैठकीला जमले असताना अमेरिकेच्या न्याय खात्याची माणसं आत आली आणि त्यांच्या हातात समन्स ठेवले. दोन वर्षांनी ती चौकशी कोणावरही आरोप न ठेवता बंद झाली. पण त्या दोन वर्षांत आमच्या क्षेत्रातल्या किती वकिलांनी किती लाख ईमेल वाचून काढले असतील, याचा विचार कर. तेही काम आहे आणि पहिली काही वर्षं तुझ्या वाट्याला बहुतेक तेच येईल.

तुझे बाबा गोदीतून निवृत्त झाले, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. मला ते वाचून फार बरं वाटलं, कारण हा विषय आपल्याकडे पुस्तकातून आलेला नाही. जगातली पहिली मोठी कॉन्फरन्स १८७५ची, आणि ती ब्रिटन ते कलकत्ता या मार्गावरची. थोड्याच दिवसांत तिने एक युक्ती काढली: ठरावीक काळ फक्त आमच्याच जहाजांनी माल पाठवा, म्हणजे भाड्यातला काही हिस्सा नंतर परत देऊ, मध्ये एकदा जरी दुसऱ्याच्या जहाजाने पाठवलात तर साठलेली सगळी सूट बुडाली. बाहेरची कंपनी कितीही स्वस्त असो, व्यापाऱ्याचे पैसे आधीच अडकलेले. ५ एप्रिल १९१९ला सिंदिया या भारतीय जहाज कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यामुळेच. ती कंपनी उभी करणाऱ्या वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांना या भिंतीवर डोकं आपटावं लागलं. समोर ब्रिटिश जहाजमालक लॉर्ड इंचकेप यांची कंपनी, भाड्याचं युद्ध, आणि शेवटी १९२३चा तडजोडीचा करार, ज्यात सिंदियाने किती जहाजं चालवायची यावरच मर्यादा आली. त्याला आज आपण वर्चस्वाचा गैरवापर म्हणू, निष्ठेच्या सवलती म्हणू, बाजार वाटून घेणं म्हणू. तेव्हा त्याला धंदा म्हणत. ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९१मध्ये मोगल स्टीमशिप खटल्यात तसंच ठरवलं होतं: चीनच्या चहाची भाडी पाडून स्पर्धकाला हाकलून लावणं बेकायदा नाही. पुढच्या वेळी बॅलार्ड इस्टेटमध्ये वालचंद हिराचंद मार्गावरून चालशील, नरोत्तम मोरारजी मार्गावर सिंदिया हाउसपुढून जाशील, तेव्हा थोडी थांब. मुलाखतीत ‘या विषयाकडे कशी वळलीस’ असं विचारलं, तर हे सांग. मी सांगितलं होतं. समोरच्या, फर्मच्या जर्मन भागीदाराने पाठ केलेलं उत्तर ऐकायची तयारी ठेवली होती. तो खुर्चीत पुढे सरकला.

आता मला तुला मुख्यतः जे सांगायचं आहे ते.

पुढच्या सप्टेंबरला निघू नकोस. एक वर्ष थांब आणि ते वर्ष मालाच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्यांच्या बाजूने काढ. एखाद्या सीएचएकडे (कस्टम्सची कामं करणारा एजंट), फॉरवर्डरकडे (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा), किंवा निर्यातदारांची कामं करणाऱ्या वकिलाकडे. जहाजाची बाजू तुला सरांच्या चेंबरमध्ये कळली. मलाही तिथेच कळली. २००९च्या मे महिन्यात शेरीफच्या ऑफिसातल्या माणसाबरोबर भाऊच्या धक्क्यावरून लाँच करून एका जहाजावर गेले होते, अटकेचं वॉरंट चिकटवायला. दोरीच्या शिडीने वर चढले, ब्रिजच्या काचेवर सेलोटेपने कागद लावला. कॅप्टनने निमूटपणे सही केली. खाली उतरताना खानसाम्याने अडवून विचारलं, आता तरी पगार मिळेल ना? पाच महिन्यांचा थकला होता. खलाशांच्या पगाराचा हक्क सगळ्यांच्या आधी, हे मी तोवर परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. असं शिक्षण इथल्या कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही, आणि ते तुझ्याकडे आहे.

पण मालाची बाजू मला फार उशिरा कळली. २०२४च्या जानेवारीत माझ्या मावसभावाचा निफाडहून फोन आला. तो द्राक्षं पाठवतो, न्हावा शेवाहून रॉटरडॅमला, रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि फेरी दीडेक आठवड्याने लांबली होती. द्राक्षाला एकेक दिवस म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. त्याने अधिभाराची पत्रकं माझ्या फोनवर पाठवली आणि विचारलं, “ताई, चार कंपन्यांचा सरचार्ज एकाच आठवड्यात, जवळजवळ तेवढाच, कसा काय येतो? तू तर यांचीच वकील ना?”

मी त्याला कायदा सांगितला. एकसारखं वागणं हा एकट्याने पुरावा होत नाही. सगळ्यांवर एकच संकट आलं तर सगळे एकाच वेळी भाव वाढवू शकतात. पण आपले पुढचे भाव जाहीर करून स्पर्धकांना इशारा देणं हा वेगळा प्रकार आहे. युरोपियन आयोगाने चौदा कंपन्यांची त्याबद्दल चौकशी केली आणि २०१६मध्ये त्यांनी लिहून दिलं की नुसत्या टक्केवारीच्या घोषणा करणार नाही, जाहीर करू तो भाव गिऱ्हाइकाला समजेल असा पूर्ण असेल आणि आपल्यावर बंधनकारक असेल. हे सगळं बरोबर होतं. तो म्हणाला, “मग आम्ही कुणाकडे जायचं?” यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. माझी फी जहाज कंपन्या देतात. त्याच्या बाजूने, त्याच्या भाषेत, अधिभाराचं पत्रक हातात धरून कोणत्या कलमाखाली काय विचारायचं ते सांगणारा वकील त्याला सापडत नाही. अमेरिकेत मालवाल्यांनी रेटा लावला आणि २०२२चा सुधारणा कायदा झाला. मे २०२४पासून तिथे डेमरेज-डिटेन्शनच्या, म्हणजे कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस बंदरात किंवा स्वतःकडे ठेवल्याच्या बिलावर ठरावीक तपशील नसतील, तर ते भरण्याचं बंधनच नाही, आणि बिल ३० दिवसांत पाठवावं लागतं. हे घडलं, कारण मालाची बाजू जाणणारे वकील तिथे होते.

म्हणून सांगते, एकदा उरणच्या बाजूला जा. करळ फाट्याच्या पुढे, सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामाच्या फाटकाशी एक दिवस उभी राहा. रिकामा डबा परत करायला आलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला विचार, किती वेळ झाला थांबून. मग त्याच डब्याचं डिटेन्शनचं बिल सीएचएच्या टेबलावर बघ: फ्री डेज, म्हणजे बिनाआकाराचे दिवस, कुठून मोजले, यार्डाने डबा घेतला नाही तो दिवसही धरला का, रुपयाचा दर कोणत्या तारखेचा लावला. बिल ऑफ लेडिंगची मागची बाजू भिंग घेऊन वाच, ते कलम कुठे बसतं बघ. युरोपियन आयोगापुढे बाजार कसा आखायचा यावर आम्ही अर्थतज्ज्ञांना लाखो युरो देतो. निफाडचा बागायतदार दुसऱ्या बंदराकडे, दुसऱ्या मार्गाकडे, विमानाकडे वळू शकतो का, हाच त्यातला प्रश्न असतो. त्याचं खरं उत्तर तुला करळ फाट्यावर मिळेल. ते घेऊन आलीस, तर शंभर उमेदवारांत उठून दिसशील.

राहिले तुझे व्यवहाराचे प्रश्न.

एलएलएम. सागरी कायदा पक्का करायचा असेल तर साउदॅम्प्टन किंवा स्वॉन्झी. स्पर्धा कायद्यासाठी लंडनचं किंग्ज कॉलेज किंवा ब्रुजचं कॉलेज ऑफ युरोप. तुझ्याकडे सागरी कायद्याची तीन वर्षं आहेत, तेव्हा तू दुसऱ्या बाजूला जावंस असं माझं स्पष्ट मत. मी साउदॅम्प्टनला गेले, चांगलं शिकले, पण निम्मं मला सरांकडून आधीच येत होतं; स्पर्धा कायदा मग लंडनला नोकरी सांभाळून, रात्री बसून शिकावा लागला. माल्टाला आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, १९८८मध्ये सुरू केलेली सागरी कायद्याची संस्था आहे, तिथे निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. पुढे सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय नियमनाकडे वळायचं असेल तरच तिचा विचार कर.

कर्ज. चाळीस लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं म्हणजे महिन्याला साधारण ५३ हजारांचा हप्ता. परत येऊन फोर्टमध्ये ज्युनियर म्हणून बसावं लागलं तर तो भरता येईल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचार. येणार नसेल, तर बाबांचं मुलुंडचं घर तारण ठेवून येऊ नकोस. आधी शिष्यवृत्तीच्या मागे लाग. जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जाच्या रूपाने मदत करतं. चीव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते, पण नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. तुझ्या बाबतीत ती अडचणीची नाही, उलट चांगली. थांबलेल्या वर्षाचा हाही उपयोग.

इंग्लंडची सनद. आता सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं. दोन्हींची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास. तू आधीच सनदधारक वकील असल्यामुळे दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुला नाही. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावर देता येतो. इकडे येण्याआधी देऊन टाक, माझं ऐक. व्हिसाच्या नियमांवर मात्र विसंबू नकोस. मी २०१०मध्ये आले तेव्हा शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याचा व्हिसा मिळायचा. एप्रिल २०१२मध्ये तो बंद झाला, मी काही महिन्यांच्या अंतराने वाचले. माझ्या वर्गातल्या दोघींना परत जावं लागलं, आणि त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या. नंतर तसा व्हिसा पुन्हा आला, आता त्याची मुदत १८ महिन्यांवर येते आहे. कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची अट जुलै २०२५पासून ४१,७०० पौंड आहे. पी अँड आय क्लबात, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संघात, क्लेम्सची पहिली नोकरी घेशील, तर ही रक्कम आधी तपासून बघ.

ब्रसेल्सबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेचं संरक्षण युरोपियन आयोगापुढे मिळतं ते फक्त युरोपियन आर्थिक क्षेत्रातली सनद असलेल्या, बाहेरच्या वकिलाला. कंपनीतल्या पगारी वकिलाला नाही, आणि भारतीय सनदेवरही नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश सॉलिसिटरलाही नाही. कित्येकांनी तेव्हा आयर्लंडच्या यादीत नाव घातलं. माझ्या महत्त्वाच्या सल्ल्यावर आजही जर्मन सनद असलेला सहकारी बरोबर असतो. बारा वर्षांच्या अनुभवानंतरही हे मनाला लागतं, तू आधीच जाणून ये. इथे शिरायचा तुझ्यासाठी सर्वांत चांगला दरवाजा म्हणजे आयोगाची पाच महिन्यांची ब्लू बुक प्रशिक्षणयोजना. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होते, विद्यावेतन मिळतं, आणि युरोपबाहेरच्यांसाठी थोड्या जागा असतात. फ्रेंच आजच सुरू कर. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण घरमालक, नगरपालिका, मुलाची बालवाडी इथे नाही चालत.

नोकरीचं खरं सांगते. मी सत्तरच्या वर अर्ज केले, मुलाखतीचं बोलावणं चार ठिकाणांहून आलं, होकार एकाने दिला. तोही एलएलएममुळे आला नाही. मुलाखतीत मला एका अटकेच्या प्रकरणाचे कागद दिले आणि मी दहा मिनिटांत बंदरातल्या एजंटाने लपवलेलं काय ते काढून दाखवलं, म्हणून आला. सरांच्या चेंबरमध्ये दुपारी चहाच्या वेळी तेच तर चालायचं.

सनदेचं विसरू नकोस: पगारी नोकरी धरलीस की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद स्थगित करावी लागते. मी हे वेळेत केलं नव्हतं आणि नंतर पत्रव्यवहारात दीड वर्ष गेलं.

आई-बाबांच्या तब्येतीविषयी तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी पोचले ती दहाव्याला. हे तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण उत्तर पूर्ण द्यायचं म्हटलं तर गाळताही येत नाही. भाऊ-वहिनी जवळ असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोल, कोण काय बघणार ते.

आता हे कर. एखादं डिटेन्शनचं बिल मिळव, नावं झाकून त्यावर दोन पानांचं टिपण लिही: कोणती रक्कम कशाच्या आधारावर लावली, आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ३ किंवा ४खाली त्यात काही विचारण्यासारखं आहे का. नसेल तर का नाही, तेही लिही. मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. शनिवारी तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजून गेले की फोन कर, इकडे दुपार असते आणि मी घरी असते. आईही बोलणार असतील तर त्यांनाही बसव.